कोकणातली मोजली न जाणारी मुलं : चिरेखाणी, आंबाबागा आणि बाळांची खुंटलेली वाढ

कातळफूल

"कोकणात कुणी उपाशी झोपत नाही." आरोग्यसेविका म्हणून राजापूर-लांजा पट्ट्यात नोकरी करताना हे वाक्य सरपंचांपासून बागायतदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. घरोघरी तांदूळ आहे, परसात शेवगा आहे, उन्हाळ्यात फणस वाया जातात. पण या वाक्याने एक नुकसान होतं. ज्या मुलांची वाढ खुंटलेली आहे, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने रोडावलेली. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. आधीच्या फेरीत हाच शेवटचा आकडा ५३.८ होता. हे आकडे अख्ख्या राज्याचे आहेत. पण या मंचावरचा माझा हा धागा आहे तो यांतल्या कुठल्याच कागदावर धड न येणाऱ्या मुलांबद्दल.

दिवाळी झाली की आपल्याकडे चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या खाणी, सुरू होतात. विजापूर, बागलकोटकडून जोडपी येतात, सोबत कच्चीबच्ची. आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबं राखणीला आणि काढणीला असतात. रायगडातले कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जातात. पावसाच्या तोंडावर ही सगळी माणसं पांगतात. मधले सहा-सात महिने बाळाच्या आयुष्यात केवढे असतात! सातव्या महिन्यात इथे आलेलं मूल परत जाताना तेरा-चौदा महिन्यांचं झालेलं असतं. वरचं अन्न सुरू होणं, रांगणं, उभं राहणं, पहिले शब्द, गोवराची लस, सगळं याच काळात. आणि हा सगळा काळ त्याचा पत्र्याच्या खोपटीत जातो.

खाणीवर आई-बाप दोघंही उजाडता कामावर. बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर. बहीण तरी केवढी, आठ-नऊ वर्षांची. आई सकाळी भात रांधून जाते, तोच दुपारी, तोच संध्याकाळी. तांदूळ घरात असतो हो, रोजंदारीही बऱ्यापैकी पडते. पण वर्षाच्या बाळाला दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, बसून भरवावं लागतं आणि भरवायला माणूस नसतं. ही गरिबी पैशाइतकीच वेळेची आहे. रोज बुडवला तर चूल कशी पेटायची, हा प्रश्न आईपुढे असतो, म्हणून ती बाळापाशी थांबू शकत नाही.

गावातली अंगणवाडी खाणीपासून दोन-तीन किलोमीटरवर. गावाच्या यादीत ही मुलं नसतात, आणि त्यांच्या मूळ गावच्या यादीत ती "बाहेरगावी" असतात. तुमच्या आसपास काय स्थिती आहे? कुणी काही केलं असेल तर तपशिलात लिहा.

खाडीकाठ

ताई, विषय महत्त्वाचा आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. बाहेरून येणाऱ्यांच्या आधी आपल्याच वाड्यांतली मुलं बघायला हवीत. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. याचा अर्थ कर्ता पुरुष मुंबईत. गिरण्या होत्या तोवर महिन्याची मनीऑर्डर तरी ठरलेली होती. १९८२ च्या संपानंतर तीही विस्कटली. आज मुंबईत सिक्युरिटीत किंवा हॉटेलात असलेला मुलगा गावी किती धाडणार? घरात आजी, सून आणि नातवंडं. भात रेशनचा. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, डाळ मात्र विकतच घ्यावी लागते. आमच्या वाडीत डाळ पाहुणा आला की शिजते, अशी घरं आहेत. ही मुलंही मोजली गेली पाहिजेत.

कातळफूल

खाडीकाठ दादा, अगदी मान्य. दोन्हींत मी डावं-उजवं करत नाही. वाडीतल्या बाळाचं नाव निदान रजिस्टरात असतं. वजन घसरलं तर कुणीतरी दारात जातं. आजी असते, शेजारीण असते. खाणीवरच्या बाळाला यांतलं एकही नाही, म्हणून सुरुवात तिथून केली. तुमचा डाळीचा मुद्दा मात्र मोठा आहे. कुळीथ आपल्याच मातीत होतो, १०० ग्रॅममागे जवळपास २२ ग्रॅम प्रथिनं, आणि तोच लावणं लोकांनी कमी केलंय.

बालवैद्य

मी सिंधुदुर्गात बालरोगतज्ज्ञ आहे. शरीरात नेमकं काय घडतं ते सांगतो, कारण "बारीक चण आहे, आई-बाप तसेच आहेत" म्हणून पालकही सोडून देतात आणि कधी कधी आमचे लोकही.

पहिल्या दोन वर्षांत मेंदू जितका वाढतो तितका पुढे कधीच वाढत नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत त्याचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ८० टक्के झालेलं असतं. या काळात लोह कमी पडलं तर नुसता चेहरा पांढरा पडत नाही. मूल मंद होतं, खेळत नाही, आजूबाजूला बघत नाही. न खेळणाऱ्या मुलाशी मोठी माणसंही कमी बोलतात. म्हणजे खुराकही कमी आणि बोलणंही कमी, असा दुहेरी मार. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणायचा. सहाच्या-सातच्या घरातली मुलं चालत माझ्या ओपीडीत येतात आणि आई सांगते, "काय नाय, नुसता किरकिरता."

दुसरं म्हणजे जुलाब. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मार्च सरला की सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, विहिरी तळ गाठतात. खाणीवर पाणी टँकरचं, पिंपात साठवलेलं, वर झाकण नाही. शौचाला उघड्यावर. वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याचं आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मग मूल आजारी पडतं, आजारात भूक मरते, वजन उतरतं, वजन उतरलेलं मूल पुन्हा आजारी पडतं. जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस झिंक, एवढ्या स्वस्त औषधाने हे चक्र तोडता येतं. पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की झिंकच्या गोळ्या बंद होतात, कारण समजावून सांगायला कुणी नसतं.

हे नुकसान भरून येतं का, असं पालक विचारतात. बरंचसं येतं, वेळेत धरलं तर. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात १२९ खुरटलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक कार्यकर्ती जायची आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. खेळणी घरातल्याच वस्तूंची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई बाकीच्या खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त भरली. काही मुलांना नुसता जादा आहार दिला होता, त्यांच्यात असा टिकाऊ फरक दिसला नाही. म्हणून मी आयांना सांगतो, भरवताना बोला. भरवणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

चिकूवाडी

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहायलाच हवं, कारण आमच्या डहाणू तालुक्यात हे काम फार आधी झालंय. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी आयुष्य घातलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी माळावर कुरणशाळा भरवली. आंघोळ, नखं, खरूज, खाऊ, गाणी, सगळं एकत्र. पालकांना बोल लावायचा नाही, जिथे मूल आहे तिथे आपण जायचं, ही त्यांची रीत. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. चिरेखाणीवर आज नेमकं हेच हवंय.

सुरंगी

मी अंगणवाडी सेविका आहे, गाव सांगत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

खाणीवरची मुलं आम्ही घेत नाही असं नाही. गेल्या हंगामात मी स्वतः मदतनीस ताईंना घेऊन खाणीवर गेले. दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि झोळीचा वजनकाटा नेला. पट्टी सहा महिन्यांवरच्या बाळाला लावतात. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे बाळ फार कुपोषित. एका खोपटीत तेरा महिन्यांचं बाळ होतं. अंगावर पुरुषाचा शर्ट, लाल धुळीने केस तांबडे झालेत की मुळातच तसे आहेत तेही कळेना. पट्टी ओढली तर बाण लालमध्ये. दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून बघितलं, खळगा पडला नाही, म्हणजे सूज नव्हती. आई कन्नड बोलणारी, मला कन्नड येत नाही. मध्ये त्याची बहीण. ती शाळेत जात नव्हती, पण दोन हंगामांत खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरांकडून मराठी शिकली होती. मी म्हटलं, "आईला विचार, काय खातो?" ती आईला न विचारताच म्हणाली, "मीच भरवते. भात नि पाणी. कधी बिस्कीट." बोलता बोलता तिने त्याचं नाक स्वतःच्या फ्रॉकला पुसलं.

त्या बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे कुपोषित मुलांना ठेवून उपचार करतात तिथे, न्यायला हवं होतं. तिथे आईलाही बाळाबरोबर दोन आठवडे राहावं लागतं. आईच्या बुडालेल्या रोजाचा काही मोबदला मिळतो, पण तो खाणीवरच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही. त्यात जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली. बाई कामावर नाही आली तर हिशेब कोण चुकवणार? ती नाही म्हणाली आणि मला तिचा राग आला नाही. शेवटी ग्राम बालविकास केंद्राच्या (गावातच कुपोषित मुलांना जादा खाऊ घालायची सोय) धर्तीवर आमच्याच अंगणवाडीत रोज आणायचं ठरवलं. रोज कोण आणणार? बहीण. म्हणजे तीही अंगणवाडीच्या आवारात आली, आणि मग समोरच्या शाळेत बाईंनी तिला बसवून घेतलं. दाखल्याशिवाय घेता येतं, कायद्यात तशी सोय आहे.

बाळ सहा आठवड्यांत पिवळ्यात आलं. नंतर पाऊस लागला, ती माणसं गेली. पुढचं मला माहीत नाही. २०२१ पासून राज्यात स्थलांतरित आया-मुलांची नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवण्याची यंत्रणा आहे, पालघरमध्ये ती सुरुवातीलाच राबवली. पण राज्याची हद्द ओलांडली की पुढच्या सेविकेपर्यंत माझा निरोप पोचेलच याची मला खात्री नव्हती. मी आईच्या हातात एका कागदावर वजन, उंची, दंडाचं माप, दिलेल्या लसी, सगळं लिहून दिलं. तेवढंच.

सड्यावरचा

सुरंगी ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. डोळ्यांपुढे उभं राहिलं.

हापूसबाग

माझी देवगड तालुक्यात बाग आहे. चार नेपाळी कुटुंबं दरवर्षी असतात. आजवर मी त्यांना खोली, वीज, पाणी, गॅस दिला, मुलं आजारी पडली तर गाडी काढून दवाखान्यात नेलं. वजन-उंची, लस हा विचार कधी केला नाही, हे खरं. धागा वाचून काल विचारलं तर पाच वर्षांखालची तीन मुलं, एकालाही इथे आल्यापासून लस नाही. यांना अंगणवाडीत घेतील का? त्यांच्याकडे इथले कागद नाहीत. आणि फवारणीच्या दिवसांत मुलं बागेत नसावीत असं मला फार वाटतं, पण आई-बाप बागेत असताना ती जाणार कुठे?

बालवैद्य

हापूसबाग, विचारलंत हे उत्तम. लसीकरणाला कुठलाही कागद अडत नाही. उपकेंद्रात जा, सत्राचा दिवस विचारा, राहिलेल्या लसी वयानुसार तिथून पुढे देता येतात. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. फवारणीबद्दल तुम्ही म्हणता ते फार गंभीर आहे. लहान मुलांचं अंग लहान, श्वास जलद, हात सतत तोंडात. फवारणीचे डबे-पिंप पाण्याला वापरू देऊ नका, रिकामेसुद्धा. आणि फवारणी करणाऱ्याने कपडे बदलून, आंघोळ करूनच बाळाला घ्यावं.

आहाराबद्दल बरेच जण खासगी निरोपांत विचारतायत, म्हणून इथेच लिहितो. आपली पेज. पोट बिघडलेल्या मोठ्या माणसाला ती अमृत आहे, वाढत्या बाळाला पुरत नाही. वाटीभर पातळ पेजेत तांदूळ जेमतेम १५ ग्रॅम, म्हणजे ५० कॅलरी. वर्षाच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून साधारण ५५० कॅलरी लागतात. त्याचं पोट केवढं? वाटी-सव्वा वाटीत भरतं. म्हणजे दिवसभर पेज पाजली तरी हिशेब बसत नाही, आणि आईला वाटतं पोट भरलंय. पेज दाट करा, भात घोटून घ्या, वरून चमचाभर तेल किंवा खोबरेल सोडा. एका छोट्या चमच्याने ४५ कॅलरी वाढतात. नाचणी भिजवून मोड आणून वाळवून दळा. मोड आल्यावर पिठातला चिकटपणा मोडतो, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी गिळण्याजोगी राहते. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही.

आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. स्वच्छ निवडून, धुऊन, कोरडा भाजून, कुटून चाळून ठेवा. चिमूटभर भातात. प्रथिनंही मिळतात, बी-१२ ही. मीठ घातलेली सुकी मासळी बाळाला नको, हा फरक लक्षात ठेवा.

दर्यापोर

जवळ्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. आम्ही कोळी, हर्णैकडचे. बंदरावर राहूनही आमच्या पोरांच्या ताटात मासळी असतेच असं समजू नका. चांगली म्हावरं लिलावात जातात, घरी जे उरतं ते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडीवाल्याला सावकार-व्यापारी पैसे देतो, खलाशाला तेही नाही. श्रावण येईपर्यंत उधारीवर घर. त्याच दोन महिन्यांत पोरं ताप-जुलाबाने आजारी, चुलीचा धूर घरात कोंडलेला, छाती भरते. शेजारच्या एका बाईला गेल्या आषाढात बाळ झालं, दोन किलोच्या आत. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उघड्या छातीशी धरून ठेवायला शिकवलं, ते तिने केलं, बाळ वाचलं. पण मला विचारायचंय, नऊ महिने ती टोपली डोक्यावर घेऊन बाजार करत होती, तेव्हा तिच्या ताटात काय होतं हे कुणी पाहिलं? बाळाची मोजणी बाळंतपणानंतर सुरू करून कसं चालेल?

बालवैद्य

दर्यापोर, तुमचा प्रश्न मुळाशी जाणारा आहे. अडीच किलोखालचं बाळ म्हणजे बहुतेक वेळा आईच्या स्वतःच्या बालपणापासूनचं अर्धपोट. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ चालणारा अभ्यास हाती घेतलाय तो याचसाठी. सोळा-अठरा वर्षांची मुलगी आज कशी जेवते, त्यावर दहा वर्षांनी तिचं बाळ कसं असेल ते बरंच ठरतं.

महाडवासी

आहाराला थोडं सोडून, पण याच विषयातलं. गरीब घरातलं मूल जमिनीवर झोपतं, दगडमातीची भिंत, बाहेर लाकडाचा ढीग. विंचू आणि फुरसं हा विषारी साप तिथेच. लाल विंचवाने कोकणात किती पोरं नेली असतील! डॉ. हिंमतराव बावस्करांनी आमच्या महाड-बिरवाडी भागात राहून प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला तेव्हा हे मरण आटोक्यात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खाणीवर, बागेत कुटुंबं ठेवणाऱ्या प्रत्येकाने निदान बाजली आणि मच्छरदाण्या द्याव्यात. खर्च फार नाही.

गुरुजी_सडा

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिलीत येणारं मूल बघितलं की त्याची पहिली पाच वर्षं कळतात. पेन्सिल धरताना बोटं दमतात, दोन सूचना एकत्र दिल्या की दुसरी विसरतं. लोक म्हणतात डोकं नाही. डोकं होतं हो, त्याला वेळेवर खायला मिळालं नाही. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं २०२३ च्या अखेरीस सुरू झालं, त्या दिवशी हजेरी वाढायची. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. आमच्या गावात आता दोन घरं आळीपाळीने अंडी देतात. पण मुलांच्या वाढीसाठी गावाच्या चांगुलपणावर विसंबून राहणं मला पटत नाही, ते सरकारनेच द्यायला हवं.

कातळफूल

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. हापूसबाग, तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर देते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली आणि पुन्हा डिसेंबर २००६ मध्ये सांगितलंय की अंगणवाडी प्रत्येक मुलासाठी आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. तुमच्या एकट्याच्या बागेत ४० मुलं नसतील. पण जवळच्या पाच-सहा बागा नि दोन खाणी एकत्र धरल्या तर? आकडा सेविकेपेक्षा तुम्हा मालकांनाच आधी माहीत असतो. दिवाळीनंतर माणसं उतरली की आठवड्याभरात नुसती नावं, वयं आणि मूळ गाव एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे द्या. कर्नाटकातून आलेल्यांना त्यांच्याच रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं, तेही सांगा, बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दिवसा मुलांना सांभाळायला एक बाई ठेवायची तर चार मालकांनी मिळून पगार उचलला की कुणालाच जड जाणार नाही. ही मेहेरबानी नाही, ज्यांच्या आई-बापांच्या कष्टांवर आपला हंगाम उभा राहतो, त्या मुलांचं हे देणं आहे.

हापूसबाग

आमच्या रस्त्यावरच्या तीन बागायतदारांशी आज बोललो. दोघे तयार, तिसरे विचार करतो म्हणाले. आमच्या पंपहाऊसजवळची जुनी माडी रिकामी आहे, ती देता येईल, पत्रे बदलून घेतो. सांभाळायला गावातलीच एक बाई विचारून ठेवली आहे. सुरंगी ताई, सगळ्या मुलांची मापं घ्यायला तुम्ही सांगितलेली पट्टी कुठे मिळेल?

सुरंगी

विकत घेऊ नका, तुमच्या गावच्या सेविकेकडे असतेच, तिलाच बोलवा. म्हणजे नोंदही तिच्या मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये होईल. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिची वजनं चाललेली असतात, तेव्हा बोलवलंत तर काटाही घेऊन येईल. आणि माडीवर जायला जिना असेल तर आधी कठडा करून घ्या, रांगती मुलं आहेत.